रंगरावांच्या भुवया

एका तालुक्याच्या गावी रंगराव शेलार नावाचे एक बँडमास्तर राहत असत. पंचक्रोशीत त्यांच्या बँडला मान होता; परंतु त्यांच्या क्लॅरिनेटपेक्षा त्यांच्या दाट भुवयाच अधिक प्रसिद्ध होत्या. सारा बँड त्या भुवयांकडे पाहून वाजत असे. डावी भुवई वर गेली, की लय वाढे. उजवी वर गेली, की वादक जागच्या जागी थांबे. दोन्ही एकदम वर गेल्या, की नवरदेव घोड्यावरून उतरला आहे व आता चाल आटोपती घ्यावयाची आहे, असे सर्वांनी समजावयाचे. चौदा वादकांपैकी एकालाही कधी तोंडाने सूचना द्यावी लागली नव्हती.

रंगराव चाली स्वतः बांधत. एका लग्नात शहरातून आलेला एक पाहुणा अशाच एका चालीवर मान डोलवू लागला. त्याने वधूच्या मामांना विचारले, "वा! ही चाल कोणाची?"

"कोणाची म्हणजे?" मामा म्हणाले. "बँडची."

हे उत्तर रंगरावांच्या जिव्हारी लागले. त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठातून संगीतरचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज आणविला. बी.ए. ते तरुणपणी बाहेरून झाले होते. 'हा अभ्यासक्रम आपणांस का करावयाचा आहे?' असा प्रश्न अर्जात होता आणि उत्तरासाठी एक संपूर्ण पान कोरे ठेवलेले होते. रंगरावांनी त्यावर एकच वाक्य लिहिले: 'चाल माझी आहे, हे मला सिद्ध करावयाचे आहे.' विभागप्रमुख मालिनीबाई रेगे यांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि त्यांना प्रवेश दिला.

येथे रंगरावांच्या हातून एक उतावीळपणा घडला. फलक रंगविणारा पेंटर त्या गावात वर्षातून एकदाच, जत्रेच्या सुमारास येई. त्याला गाठून त्यांनी आपल्या बँडच्या दुकानाच्या फलकावर आपल्या नावाखाली 'एम.ए., संगीतरचना' ही अक्षरे आगाऊ रंगवून घेतली आणि पदवी मिळेपर्यंत तेवढ्या ओळीवर गोणपाट ठोकले. अर्थात त्याखाली काय आहे, हे दुसऱ्या दिवशीच गावभर झाले. समोरचा चहावाला गणू रोज सकाळी विचारू लागला, "मास्तर, गोणपाट कधी निघायचं?"

परीक्षेचा नियम सरळ होता. रचना स्वरलिपीत लिहून द्यावयाची. ती अनोळखी वादक वाजवतील. रचनाकाराने श्रोत्यांत बसावयाचे आणि कोणतीही सूचना द्यावयाची नाही.

पहिल्या वर्षी रंगराव ऐन लग्नसराईतून वेळ काढून परीक्षेस गेले आणि ताठ मानेने बसले. आरंभ चांगला झाला. पुढे लय वाढणे आवश्यक होते. रंगरावांची डावी भुवई नकळत वर गेली. वादकांचे डोळे कागदावर होते. भुवई आणखी वर गेली. लय तसूभरही हलली नाही. शेवट तर आलाच नाही. वादक एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत राहिले, आणि अखेर ट्रम्पेटवादकाला धाप लागली, तेव्हा रचना संपली.

"वादक कच्चे आहेत," रंगराव म्हणाले.

मालिनीबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. "लय वाढवायची, हे यात कुठे लिहिलंय?"

"ते लिहायचं नसतं, बाई. ते मी डोळ्यांनी सांगतो."

"रंगराव, प्रवेश तुम्हाला दिलाय. तुमच्या भुवयांना नाही."

रंगराव अनुत्तीर्ण झाले. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली असती, तर गोणपाट जन्मभर तसेच राहिले असते आणि गणूचा प्रश्नही.

घरी येऊन ते क्लॅरिनेट घेऊन ओसरीवर बसले. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई वही घेऊन समोर बसल्या.

"अहो, थांबा. आत्ता डावी भुवई हलली. म्हणजे काय करायचं?"

"एवढंही कळत नाही?"

"मला कळतं. आपल्या लग्नाला बावीस वर्षं झाली. परीक्षेच्या वादकांनीही आधी तुमच्याशी लग्न करायचं का?"

रंगराव भुवईचा अर्थ सांगू लागले आणि अनसूयाबाई तो वहीत उतरवू लागल्या. पुढचे कित्येक महिने हाच क्रम चालला. तीन पानांची रचना बावीस पानांची झाली. मालिनीबाईंनी ती तपासली आणि एका ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली.

"'नवरदेव घोड्यावरून उतरल्यास शेवटच्या ओळीवर यावे.' सभागृहात घोडा कुठून येणार?"

"खोडतो," रंगराव म्हणाले.

अंतिम परीक्षेच्या दिवशी त्यांच्या बँडमधला ढोलवादक बाबूलाल सभागृहाच्या दारातच त्यांना भेटला. त्याचा चेहरा खुलला होता.

"मास्तर, काम फत्ते! परीक्षेचा ट्रम्पेटवाला माझ्या मावसभावाचा मेहुणा निघाला. त्याला भुवयांचं सगळं शिकवून ठेवलंय. बाकीचे त्याच्या मागोमाग जातील. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा."

"अरे, नियमात बसत नाही ते."

"भुवई हलवू नये, असं नियमात लिहिलंय का?"

तसे लिहिलेले नव्हते. रंगराव पहिल्या रांगेत बसले. ट्रम्पेटवादकाने त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलविली. रंगरावांना गोणपाट आठवले, गणू आठवला. मग अर्जातील आपले वाक्यही आठवले. आज भुवयांनी रचना तारली, आणि कोणी विचारले, 'ही चाल कोणाची?' तर खरे उत्तर एकच होते: 'भुवयांची.'

रंगरावांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी धरला आणि थेट नाकापर्यंत खाली ओढला.

ट्रम्पेटवादक गोंधळला. त्याने प्रथमच कागदाकडे नीट पाहिले, आणि तेवढ्यात त्याची एक ओळ हुकली. फेट्याखाली दोन्ही भुवया धडपडल्या. त्यांचा काही उपयोग नव्हता. परंतु त्या पानावर अनसूयाबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'येथे चूक झाल्यास कोणीही थांबू नये. ढोलाने दोन आवर्तने सांभाळून घ्यावे.' ढोलाने सांभाळून घेतले. लय जेथे वाढावयाची, तेथे वाढली. शेवट आपल्या जागी आला. रंगरावांना यातले काहीच दिसले नाही. त्यांनी केवळ टाळ्या ऐकल्या आणि पाठोपाठ मालिनीबाईंचा आवाज ऐकला:

"रंगराव, फेटा वर घ्या. उत्तीर्ण झालात."

पदवी हाती आली, त्या दिवशी दुकानासमोर अर्धा गाव जमला. बाबूलालने गोणपाट ओढून काढले. दोन वर्षांच्या उन्हापावसाने फलक पार विटून गेला होता. गोणपाटाखालची पदवी नव्यासारखी झळकत होती. वरचे रंगरावांचे नाव मात्र वाचताही येत नव्हते.

"मास्तर," गणू म्हणाला, "पदवी दिसतेय झकास. पण कोणाची, ते कळत नाही!"

लोक हसले. रंगराव काही बोलणार, इतक्यात रस्त्याच्या टोकाला एक वरात आली. बँड परगावचा होता. पुढे तोच ट्रम्पेटवादक होता. परीक्षेतले कागद उतरवून घेऊन तो आपल्या बँडकडे गेला होता. रंगरावांचीच चाल वाजत होती. कोणीही त्यांच्याकडे पाहत नव्हते, आणि तरीही लय नेमक्या जागी वाढली.

"वा!" गणू चहाची किटली तशीच धरून म्हणाला. "मास्तर, ही चाल कोणाची हो?"

बाबूलालने सांगण्यासाठी तोंड उघडले. रंगरावांची उजवी भुवई वर गेली. बाबूलाल जागच्या जागी थांबला.

"बँडची," रंगराव म्हणाले, आणि चालीचा शेवट आपल्या जागी येईपर्यंत ऐकत उभे राहिले.

तात्पर्य: कर्ता शेजारी उभा राहिल्यावाचून जे काम चालत नाही, ते अपुरे समजावे, ते पूर्ण करून कर्त्याने खुशाल बाजूला व्हावे.