बेकझान खानाचा नमदा

घोड्यांना कुंपण ठाऊक नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. कझाखांच्या गवताळ मुलखात कुनसुलू नावाची बाई लोकर कुटून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करायची. तिथली रीत अशी, की ज्याला खान करायचं त्याला पांढऱ्या नमद्यावर बसवून सगळ्यांनी उचलायचं, मग नमदा कापून घरोघरी एकेक तुकडा न्यायचा. बेकझानला ज्यावर उचललं तो नमदा कुनसुलूच्या हातचा. मधला तुकडा बेकझानने स्वतःच्या छातीशी ठेवला.

उत्तरेच्या सम्राटाने त्यांच्या झऱ्यावर किल्ला बांधला होता. झरा यांच्या वाडवडलांचा, आणि पाणी प्यायला परवानगी परक्यांची. अशी ही बादशाही! बेकझान सात वर्षं लढला. असं म्हणतात, तो दौडत गेला की मागचं गवत आपोआप उभं राहायचं, म्हणून फौजेला त्याचा माग लागत नसे.

शेवटी किल्लेदाराने त्याला तहाच्या बोलणीला बोलावलं, पुढ्यात भाकरी ठेवली आणि जेवता जेवता मारलं. घरी बोलावलेल्या पाहुण्याला मारलं. डोकं त्याच्याच छातीशी सापडलेल्या नमद्याच्या तुकड्यात गुंडाळून, पेटीत घालून सम्राटाकडे धाडलं, धड कुठे टाकलं कोण जाणे.

कुनसुलू किल्ल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आमच्या खानाचं डोकं परत मागवा साहेब, मातीत तरी ठेवू."

"बंडखोराला कबर नसते, म्हातारे," किल्लेदार म्हणाला.

तिने घरोघर फिरून तुकडे मागून आणले आणि त्याच दारात बसून ते शिवले. सगळे जुळले, मधोमध भोक तेवढं राहिलं. मग चाळीस घरच्या माणसांनी तो रिकामा नमदा उचलला. असं म्हणतात, तो वर माणूस बसल्यासारखा जड लागला. किल्लेदार हसत पुढे आला, त्याने एक टोक धरलं आणि तो गुडघ्यांवर आला. असं म्हणतात, त्याच आठवड्यात किल्ल्यातला झरा आटला आणि बाहेर माळावर फुटला.

आता किल्ल्याच्या पडक्या भिंतींत मेंढ्या बसतात. दर वसंतात तिथले लोक झऱ्याकाठी तो नमदा उचलतात. विरलेल्या कडा बाया नव्याने शिवतात, पण मधल्या भोकाला कुणी सुई लावत नाही. एखादी नवी सून विचारतेच, एवढं भोक का ठेवायचं?

"पेटी परत आली की ठिगळ लावू," सासू सांगते. पेटी अजून आलेली नाही.