कडुलिंबाचा वास

फार मागे, जुन्या वारुळातल्या काही मुंग्या ओढा ओलांडून गेल्या आणि त्यांनी कडुलिंबाखाली नवं वारूळ केलं. तरी दर सुगीला निम्मे दाणे जुन्या वारुळात पोचवावे लागत. एका वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "आता देणार नाही."

लढाई जुंपली. ओढ्यावरच्या आडव्या फांदीवर त्या हरल्या. समोरच्यांच्या अंगाला घरचाच वास होता, त्यामुळे चावायला यांचं तोंडच उघडेना. तेव्हा साळू नावाच्या मुंगीने तोड काढली. सगळ्यांनी अंगाला कडुलिंबाचा रस चोळला; त्या उग्र वासापुढे घरचा वास जाणवेनासा झाला. मग दगडांच्या उतारावर त्या जिंकल्या, आणि बाभळीच्या मुळाशी शेवटची लढाई जिंकून स्वतंत्र झाल्या.

पुढच्या सुगीला कुणी दाणे मागितले नाहीत. साळूला मात्र चैन पडेना. जोंधळ्याचा एक टपोरा दाणा घेऊन ती एकटीच जुन्या वारुळाशी गेली. दारात तिची थोरली बहीण राखणीला बसली होती.

"अक्का, मी साळू. तुझ्यासाठी आणलाय."

अक्काने तिला हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"साळूचा वास मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिचीच वाट बघत मी रोज इथे बसते. तू कोण गं, बाई?"