होकाराचे पाते

एका जंगलात एक जुनी विहीर होती, आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती राहत असे. विहिरीच्या पायऱ्या केव्हाच ढासळल्या होत्या. भाद्रपदात सकाळी तिथे इतके धुके साचे की फांद्या दिसेनाशा होत आणि नुसती घरटीच हवेत तरंगत राहत. खाली काळ्या पाण्यातही तितकीच घरटी उलटी दिसत. त्या पाण्यात एक म्हातारे कासव राहत असे. ते दिवसभर वर बघे आणि कुणी विचारल्याशिवाय अवाक्षर बोलत नसे.

आता मुलांनो, एक गंमत ऐका. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि घरट्याचे सगळे कौतुक तिच्या पदरात टाकतो. पण घरटे विणतो तो नर! बिचाऱ्याचे कुणी नावही घेत नाही. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग सुगरण येते, आत बसते, काड्या ओढून बघते. घर पसंत पडले की आपल्या चोचीने गवताचे एक पाते त्यात ओवते. हे होकाराचे पाते. ते ओवले की शब्द दिला.

या बाभळीवर एक नर आणि एक सुगरण एकमेकांना फार जीव लावून होते. त्याने अर्धे घरटे विणले आणि तिने त्यात आपले पाते ओवले. पाते मधोमध दुमडून दोनदा ओवायची तिची खोड होती. बाकीच्या सुगरणी एकदाच ओवतात. तो आनंदाने वेडा झाला आणि म्हणाला, "तुझ्या घरात मी दिवा लावणार. डोंगरापलीकडून काजवा आणतो. दोन दिवस वाट बघशील ना?"

"बघेन," ती म्हणाली. "धुक्यात वाट चुकू नकोस म्हणजे झालं."

तो गेला, आणि दोनाचे तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चोचीत काजवा धरून तो परतला. चोचीच्या फटीतून हिरवट उजेड बाहेर येत होता. बाभळीवर येऊन बघतो तर त्याचे घरटे रिकामे. त्याने तिचे पाते शोधले. तेही नव्हते. आणि ती शेजारच्या नराच्या घरट्यात बसलेली होती! तिने त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली. त्याचा आ वासला गेला आणि चोचीतला काजवा उडून गेला.

पाते काढून नेले म्हणजे दिलेला शब्द परत घेतला, असा त्याने अर्थ लावला. त्याला फार दुःख झाले, आणि ते दुःख गिळता येईना म्हणून तो चिडला. तिच्याजवळ जाऊन एक शब्द विचारायला त्याला कमीपणा वाटला. त्याने मनाशी ठरवले, "माझं घर अर्धं ठेवलंस ना? बघ, तुझंही पुरं राहू देणार नाही."

त्या दिवसापासून त्याचे एक नवेच काम सुरू झाले. सकाळी धुक्यात ती दाणे टिपायला गेली की तो हळूच तिच्या घरट्यावर जाई. घरट्याला फांदीशी बांधणारी गाठ असते ना, तिच्यातले एकच पाते उपसून तो ते आपल्या घरट्यात विणून टाकी. घरट्यात अंडी आहेत हे त्याला ठाऊक होते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आली, त्यांची चिवचिव ऐकू आली, तेव्हा तो दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

त्याचे घरटे मात्र दिवसेंदिवस सुंदर होत चालले. एकदा त्याने ऐटीत खाली वाकून विचारले, "आजोबा, पाण्यात कुणाचं घरटं जास्त शोभतं?"

"तुझं," कासव म्हणाले. "पण बाळा, तुला एवढंच विचारायचं होतं का?"

"आणखी काय विचारायचं?"

"ते तुझं तुला ठाऊक," असे म्हणून कासव बुडी मारून गेले.

मग एके दिवशी सकाळपासून वारा सुटला. सगळी बाभूळ झुलत होती. ती पिल्लांसाठी अळ्या शोधायला गेली होती, आणि शेजारी तर केव्हाच दुसऱ्या झाडावर दुसरे घर विणायला पसार झाला होता. नर गाठीपाशी आला. आता तिथे एकच पाते उरले होते. त्याने ते चोचीत धरले, ओढले, आणि निम्मे सुटून आल्यावर त्याला दिसले की ते पाते मधोमध दुमडलेले आहे आणि दोनदा ओवलेले आहे.

ते तिचे होकाराचे पाते होते. पण होकार दिलेले पाते कुठलीच सुगरण दुसऱ्याच्या गाठीत ओवत नाही. मग इथे ते कुणी ओवले? आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण वेळ कशी आली बघा. गाठ सुटली होती. पाते त्याच्या चोचीत होते, पात्याला घरटे लोंबत होते, घरट्यात तीन पिल्ले होती आणि खाली काळे पाणी. त्याने पायांनी फांदी घट्ट पकडली आणि चोच मिटली ती मिटलीच.

इतक्यात ती आली. "तू?" ती किंचाळली. "माझी पिल्लं पाण्यात पाडतोयस?"

त्याला किती सांगायचे होते! पण सांगायचे तर चोच उघडावी लागणार. तिने त्याच्या डोक्यावर टोचा मारल्या. रक्त आले, तरी त्याने पाते सोडले नाही. शेवटी ती खाली बघून रडत ओरडली, "आजोबा, हा काय करतोय हो?"

कुणीतरी विचारले म्हणून कासवाने तोंड उघडले. "आत्ता तो पिल्लांना सावरून धरतोय. मघापर्यंत पाडत होता. हा काजवा आणायला गेला, तेव्हा तुझं पातं शेजाऱ्याने चोरून आपल्या गाठीत ओवलं. सगळं पाण्यात दिसलं मला."

"शेजारी मला म्हणाला, 'तुझा नर दुसऱ्या विहिरीवर राहायला गेला आणि तुझं पातं मला देऊन गेला'," ती हुंदके देत म्हणाली. "मी सकाळ-संध्याकाळ वाट बघत होते. आजोबा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हा दोघांपैकी विचारलं कुणी?" कासव म्हणाले, पण त्याचाही आवाज जरा खाली आला होता.

ती उडत त्याच्या घरट्याकडे गेली आणि त्यातून एकेक पाते उपसून आणू लागली. त्याने रोज चोरलेली सगळी पाती तिथेच तर होती. तिने त्या पात्यांनी नवी गाठ बांधायला घेतली. पलीकडे त्याचे सुंदर घरटे उसवत उसवत पुन्हा अर्धे झाले. तो हे सगळे बघत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरे वाटत होते.

दुपार कलल्यावर गाठ पक्की झाली. ती म्हणाली, "सोड आता."

त्याची चोच आखडून गेली होती. ती हळूहळू उघडली. "मी आलो होतो," तो म्हणाला. "काजवा घेऊन आलो होतो."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आत पिल्ले भुकेने ओरडत होती, म्हणून ती आत गेली. तो गवताकडे उडाला आणि त्यांच्यासाठी अळी घेऊन आला. पिल्ले उडून जाईपर्यंत तो रोज येत राहिला, पण त्या घरट्यात त्याला कधी पाऊल टाकता आले नाही. सुगरणींच्या वस्तीत सगळ्या पुऱ्या घरट्यांमध्ये एखादे अर्धे घरटे वाऱ्यावर हलताना तुम्हाला दिसेल. ते बघून हसू नका.

तात्पर्य : चोच एकच असते. तिने वेळेवर विचारले नाही, तर ती उसवू लागते, आणि मग दुसऱ्याचे घर सावरले तरी आपले अर्धेच राहते.