उस्तादांनी एलईडी बसवला

"उस्ताद, तुमी? तुमी एलईडी बसवताय?"

निवास खोचरेनं गाडी स्टँडवरही लावली नाही. तशीच भिंतीला टेकवली आणि तो आत शिरला.

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर एक जुनी मोटरसायकल उभी होती. हेडलाइटचा काचेसकट डोळा त्यांनी उतरवून मांडीवर घेतला होता. हॅलोजनचा बल्ब फडक्यावर पडला होता, आणि बोटांत...

एलईडीच होता.

"कळ्यास्नं आलास?" उस्ताद म्हणाले. "च्या घे."

"च्या नको. लोक सांगत होते ते खोटं वाटलं म्हणून आलो."

"मग आता?"

"आता डोळ्यानं बघतोय."

गगनबावड्याच्या घाटाखाली उस्तादांचं गॅरेज. निवास तिथं सात वर्षं राबला होता. बारा वर्षांमागं एलईडीचे बल्ब नवे नवे आले तेव्हा एका गिऱ्हाइकानं मोठ्या हौसेनं एक आणून दिला. उस्तादांनी तो गाडीला लावून पाहिला, समोर जाऊन उभे राहिले, दिपलेले डोळे चोळत परत आले, बल्ब काढला आणि ऐरणीवर ठेवून हातोड्यानं फोडला. "माझ्या हातानं हे बसणार न्हाई," एवढंच बोलले.

निवासच्या अंगावर काटा आला होता तेव्हा.

पुढं कळे गावात त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. गिऱ्हाइकं एलईडी मागायची, तो नाही म्हणायचा. का म्हणून विचारलं की हातोड्याची गोष्ट सांगायचा. गिऱ्हाइकं दुसरीकडं जायची. जाऊ देत. आसपासच्या दहा गावांत उस्तादांचा शब्द पाळणारा आपण एकटाच आहोत, या गोष्टीवर त्याची मान ताठ होती.

आणि आज उस्तादच...

"तुमीच फोडला होता!" निवासचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांदेखत. मी दुनियेला सांगत आलोय."

"मलाबी सांगितलंत की."

बाकावरून बाईचा आवाज आला. निवासनं वळून पाहिलं. तिथं एक चाळिशीची बाई बसली होती. उजवा हात मांडीवर जपून ठेवलेला. मनगट डाव्यापेक्षा बारीक दिसत होतं.

निवासनं तिला ओळखलं. विजयमाला चौगुले. घाटातल्या वाड्यावस्त्यांवर फिरून गाई-म्हशींना औषधपाणी करणारी. गाडी तिचीच होती.

"दोनदा आले होते तुमच्याकडं," ती म्हणाली. "चढावर गाडी हळू झाली की उजेड पार मरतोय, असं सांगितलं. तुमी हातोड्याची गोष्ट सांगितलीत. दुसऱ्यांदा आले तवा पुन्हा तीच सांगितलीत."

तिनं बारीक मनगटावरून डावा हात फिरवला.

"मार्गशीर्षात एका धनगराची म्हैस अडली. पहाटेचं निघाले. वळणावर दगड पडला होता... न्हाई दिसला. प्लॅस्टर कालच निघालंय."

"म्हैस?" उस्तादांनी विचारलं.

"म्हैस वाचली. रेडकू गेलं."

निवासचे कान तापले. त्याला त्या बाईकडं बघवेना, म्हणून तो उस्तादांवरच उखडला.

"त्याला एलईडी कशाला पायजे? वायरिंग बदलायचं, इंजिनावर चालणारा हॅलोजन बॅटरीवर घ्यायचा. चढावर उजेड मेला नसता."

"नसता मेला," उस्ताद म्हणाले. "ह्याचाबी न्हाई मरणार, ह्याला करंट कमी लागतोय."

"मग?"

"तू बदललंस का वायरिंग?"

निवासनं ती गाडी उघडूनही पाहिली नव्हती. दोन्ही वेळा तो दुकानाच्या पायरीवरूनच नाही म्हणाला होता.

उस्तादांनी नवा बल्ब बसवला. थोडा फिरवला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. हॅलोजनची तार जिथं असायची नेमक्या त्याच जागी बल्बातले उजेडाचे बारीक दाणे येतात का, ते एक डोळा मिटून पाहिलं. मागचं रबर चढवलं आणि हेडलाइट जागेवर बसवून स्क्रू आवळले.

"आता समोर उभा ऱ्हा," ते म्हणाले.

"मी हात लावणार न्हाई ह्याला."

"हात लाव म्हणालो का? रस्त्यापलीकडं जाऊन उभा ऱ्हा."

"मी न्हाई उभा राहणार. माझ्या गुरूनं जे फोडलं त्याच्यासमोर..."

"तुझा गुरू सांगतोय."

निवास पाय आपटत रस्ता ओलांडून गेला. दिवेलागणीची वेळ झाली होती. पलीकडच्या बांधाला पाठ लावून, हाताची घडी घालून तो उभा राहिला.

उस्तादांनी गाडी चालू केली. पांढरा झोत थेट त्याच्या तोंडावर आला.

"डोळ्याला लागतोय का?"

"लागतोय!" निवास ओरडला. त्याला आनंदच झाला. "सांगत होतो की!"

उस्तादांनी हेडलाइट किंचित खाली वाकवला.

"आता?"

"लागतोय!"

अजून थोडा खाली.

"आता?"

निवासनं तोंड उघडलं. लागतोय म्हणायचंच, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पण झोत त्याच्या छातीखाली थांबला होता. गाडीमागचे उस्ताद दिसत होते, त्यांच्या बाजूला उभी राहिलेली बाई दिसत होती, तिचा जपून धरलेला हातही दिसत होता.

"...न्हाई."

"मी बसवलाय म्हणून न्हाई म्हणतोस?"

"न्हाई लागत. खरंच न्हाई."

उस्ताद पाना ठेवायला वाकले.

"थांबा," निवास म्हणाला.

तो उकिडवा बसला. मान थोडी डावीकडं केली. मग चार पावलं सरकला आणि पुन्हा बसला.

"सायकलवाल्याला लागंल. डाव्या अंगाला अजून वर मारतोय."

उस्तादांनी पाना पुन्हा उचलला.

"सांग कुठवर घेऊ."

"घ्या... अजून. अजून... बास!"

विजयमालाबाई गाडीवर बसली. उजव्या मुठीवर हात ठेवताना तिचा चेहरा ओढला.

"बाई," निवास पुढं झाला. "मी तवा गाडी बघायला पायजे होती."

"व्हय," ती म्हणाली. "बघायला पायजे होती."

तिनं गिअर टाकला आणि घाटाच्या दिशेनं निघाली. दोघं रस्त्यावर उभे राहून पाहत होते. पहिल्या चढाला गाडी हळू झाली, उजेड तसाच राहिला. वरून एक टेम्पो उतरत होता. निवासनं श्वास धरला. आता टेम्पोवाला डिपर मारेल, शिवी हासडेल...

टेम्पो तिच्या शेजारून सरळ निघून गेला.

उस्ताद आत आले. बादलीत हात बुडवून साबण चोळू लागले. निवास दारातच उभा राहिला. हरलेल्या माणसासारखं परत जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"बरोबर बसलाय," तो म्हणाला. "कबूल. तरीबी माझ्या गॅरेजात मी एलईडी बसवणार न्हाई."

"नको बसवूस."

"कुणीबी आलं तरी न्हाई."

"बरं. का?"

"कारण उस्ताद म्हणाल्यात..."

तो थांबला.

उस्ताद हात पुसत होते. एकेक बोट, नखांच्या कडा, सावकाश. फडकं खिळ्याला अडकवलं आणि बाकावर त्याच्यासमोर येऊन बसले.

"सांग," ते म्हणाले. "माझं नाव न घेता सांग."