पाहुण्यांचा दुरुस्त परिचय

‘भैरवखिंड’ चित्रपटाच्या सहा वर्षांपूर्वी आलेल्या तिसऱ्या भागात नायक दरीत कोसळून मेला, आणि आता चौथा भाग येणार होता. मेलेला माणूस परत कसा आणणार, यावरून इचलकरंजीच्या चाहता मंडळात रोज वाद व्हायचे. शेवटी मंडळाने दिग्दर्शक रणजित घोरपडे यांनाच बोलावलं.

शाल-श्रीफळ घेऊन घोरपडे म्हणाले, “सोपं आहे. तिसरा भाग झालाच नाही असं धरायचं. चौथा भाग दुसऱ्याच्या पुढे सुरू.”

“पण तो आम्ही पाहिलाय. रडलोय,” मागून कोणीतरी म्हणालं.

“मग विसरा. मी पुसलं म्हणजे पुसलं.”

आभार मानायला चिटणीस सुलभाताई मगदूम उठल्या. सुरुवातीला वाचलेला पाहुण्यांचा परिचय त्यांच्या हातात होता.

“यात थोडी दुरुस्ती करते,” त्या म्हणाल्या. “साहेब दिग्दर्शक झाले ते तिसऱ्या भागापासून. पुरस्कारही त्यालाच मिळाला. तो भाग तर झालाच नाही. दुसऱ्या भागापर्यंत साहेब शूटिंगला क्लॅप द्यायचे, म्हणजे शॉटआधी पाटी वाजवायचे. तेव्हा क्लॅप देणारे श्री. घोरपडे आले, त्यांचे आभार. दिग्दर्शक कधी येणार, तेवढं त्यांनी सांगून जावं.”

हशा ओसरेपर्यंत घोरपडे शालीच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग माईकजवळ येऊन हळूच म्हणाले, “नायक मेला, हे खरं आहे. पुढचं मला अजून सुचलेलं नाही.”

सुलभाताईंनी खुर्ची पुढे सरकवली. “मग बसा. इथे शंभर माणसं सहा वर्षं त्याच विचारात आहेत.”