उंबरठ्याआधी उतू गेलेल्या दुधाची कहाणी

ऐका उंबरठेदेवा, तुमची कहाणी. अक्षता मुठीत धरा गं बायांनो, आणि ते फोन खाली ठेवा. मी दोनदा सांगणार नाही.

आटपाट नगर होतं, निम्मं बांधून झालेलं, निम्मं राहिलेलं. तिथं जनार्दन नावाचा शिंपी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव द्वारका. नाव द्वारका, पण स्वतःचं दार नाही! चोवीस वर्षांत सात भाड्याच्या खोल्या झाल्या. लेक वैजू तिसऱ्या खोलीत चालायला लागली, सातव्या खोलीतून सासरी गेली. मग दोघांनी गाठीचं सगळं मोडलं, बँकेचं कर्ज काढलं, आणि एका बिल्डरच्या साठ घरांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक घर नोंदवलं.

एके दिवशी एक म्हातारी दारी आली. द्वारकेनं तिला गूळपाणी दिलं. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, काळजी कसली करतेस?"

"घराची करते, आजी. मला काही वसा सांगा."

"सांगेन, पण तू उतशील, मातशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. दर शनिवारी बांधकामावर जावं. भिंतीला हात लावावा. गेल्या शनिवारपासून काय वाढलं ते आपल्या डोळ्यांनी पाहावं. उंबरठा बसेल, त्याला हळदकुंकू लागेल, तोवर आत दूध उतू घालू नये. घर मिळालं असं तोंडानं म्हणू नये, हातानं लिहू नये."

द्वारका पहिला शनिवार गेली, दुसरा गेली, तिसरा गेली. भिंती वाढत होत्या. मग कंटाळली. म्हणाली, "विटा काय मी बघितल्यानं वाढतात?" वसा टाकला.

मग आली अक्षय तृतीया. बिल्डरनं मांडव घातला, सनई लावली, साठही घरांना बोलावणं धाडलं. म्हणाला, "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे. आज दूध उतू घाला, ताबा मिळाला म्हणून कागदावर सही करा. दारंखिडक्यांचं काय, महिन्याभरात बसतील." आपल्या बायकांना मुहूर्त म्हटलं की पुढचं ऐकू येतं का? साठ जणी साठ शेगड्या घेऊन जिना चढल्या.

जनार्दन म्हणाला, "अगं, उंबरठा कुठंय? आजी काय म्हणाल्या होत्या?"

"मुहूर्त का उंबरठ्यासाठी थांबतो? तुम्ही आपलं पातेलं धरा."

घराला दार नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, वाऱ्यानं शेगडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा दूध उतू गेलं. द्वारकेनं टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, सही केली.

मग काय झालं? पहिल्या महिन्यात गवंडी गेले. दुसऱ्या महिन्यात वाळू गेली. तिसऱ्या महिन्यात राखणदारही गेला. बिल्डरचं दिवाळं वाजलं. वैजूचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेर कुठं? त्याच भाड्याच्या खोलीत. शिलाई मशीन बाहेर ठेवलं, पाळणा आत टांगला. जनार्दन वर्षभर जिन्याखाली बसून कपडे शिवत होता. मुलगी झाली. लेकीच्या सासूनं विचारलं, "नव्या घरी नेणार होतात ना?" द्वारका मान खाली घालून डिंकाचे लाडू वळत राहिली.

मग न्यायसभेनं त्या बुडालेल्या कारभारावर एक साहेब नेमला. साहेबानं दवंडी पिटवली, "ज्यांची घरं राहिलीत, त्यांनी नव्वद दिवसांत दावा लावावा. यादीत नाव असेल त्याला घर, नसेल त्याला नाही." द्वारका धावत गेली. साहेबानं कागद काढला. "बाई, ही सही तुमची ना? ताबा मिळाला असं तुम्हीच लिहून दिलंय. मिळालेल्या घराचा दावा कसला?"

ती बिल्डरकडे गेली, दाराला कुलूप. बँकेत गेली, ते म्हणाले, "हप्ता थांबणार नाही." वकिलाकडे गेली, तो म्हणाला, "सही करायच्या आधी कागद दाखवायचा." घर जाणार, कर्ज राहणार. अर्धवट इमारतीपाशी येऊन खडीच्या ढिगावर बसली आणि धाय मोकलून रडली.

तिथं तीच म्हातारी आली. द्वारकेनं पाय धरले. "आजी, माझं चुकलं."

"उतू नकोस म्हटलं होतं. तू तर पातेलंभर उतलीस. आता रडू नकोस. घरी आलेल्याला आपण कुठं उभं करतो?"

"उंबरठ्याशी."

"मग त्या साहेबाला घरी बोलव." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

द्वारका घरोघर फिरली. साठ जणींना घेऊन कचेरीत गेली. साठही जणी एकदम बोलायला लागल्या. कुणी सासूचं सांगतेय, कुणी मोडलेल्या पाटल्यांचं. साहेबानं कानांवर हात ठेवले. "मला पाच ओळींत सांगा!" द्वारका म्हणाली, "घर नोंदवलं. पैसे भरले. दार नाही. पाणी नाही. सही मुहूर्ताला केली, घराला नाही. खोटं वाटत असेल तर घरी या."

साहेब आला. द्वारका ओवाळायचं ताट घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अर्धवट घरात उभी. "साहेब, आमच्याकडे पाहुण्याला उंबरठ्याबाहेर थांबवून ओवाळतात. थांबा उंबरठ्याबाहेर." साहेबानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, खाली पाहिलं. खाली सिमेंटचा खरबरीत पोपडा, बाजूला गंजलेली सळई, आणि चुलीच्या जागी दुधाचा जुना डाग. साहेब म्हणाला, "बाई, उंबरठा कुठंय?"

"मीही तेच विचारायला तुमच्या कचेरीत आले होते!"

साहेबानं तिथंच लिहिलं, ताबा झालेला नाही. साठही नावं यादीत चढली.

मग तीन नवे बिल्डर आले. पहिला म्हणाला, पाडून बांधू. दुसरा म्हणाला, दुप्पट द्या. तिसरा म्हणाला, थोडे वर द्या, बाग मिळणार नाही, दीड वर्षात घरं देतो. साठ घरांनी तिसऱ्याला मत दिलं. दीडची अडीच वर्षं लागली, वरचे पैसेही भरावे लागले. पण द्वारकेनं एकही शनिवार चुकवला नाही. तापात गेली, पावसात गेली, जाऊन भिंतीला हात लावून आली.

मग काळ्या दगडाचा उंबरठा बसला. द्वारकेनं हळदकुंकू वाहिलं. मग दार बसलं. मग दूध उतू घातलं, मग सही केली. वैजू लेकीला घेऊन आली. पोरगी चार वर्षांची झालेली. धावत आत निघाली आणि उंबरठ्याला अडखळून धपकन पडली. भोकाड पसरलं. वैजू उचलायला धावली, तर द्वारका तिथंच खाली बसली, नातीचा अंगठा चोळायला लागली, हसायला लागली, रडायला लागली. म्हणाली, "लागू दे गं ठेच. आपल्या उंबरठ्याची आहे."

द्वारकेला जसा उंबरठा पावला, तसा तुम्हांआम्हांला पावो. पण आधी बघा, मग सही करा. साठा घरांची कहाणी, पाचा ओळीं सांगितली, सुफळ संपूर्ण झाली. वाहा आता अक्षता.