शब्दाविना ठरलेला भाव

पश्चिम आफ्रिकेतल्या वागाडूच्या राजाचा कारभारी दियाबे याला वाटायचं, आपल्याला कळत नाही असं जगात काही नाहीच. पण त्या दिवशी मिठाची व्यापारीण कुंबा दरबारात सांगत होती ते काही त्याच्या डोक्यात शिरेना.

"वाळवंटापलीकडून आणलेलं मीठ आम्ही नदीकाठी मांडतो, ढोल वाजवतो आणि दूर जातो. सोन्याच्या खाणीतले लोक येतात, मिठाशेजारी सोनं ठेवून निघून जातात. पटलं तर आम्ही ते उचलतो आणि सौदा झाला म्हणून पुन्हा ढोल वाजवतो. नाही पटलं तर तसंच ठेवून मागे फिरतो, मग ते आणखी सोनं ठेवतात. बोलत कुणीच नाही."

"थापा मारतेस!" दियाबे म्हणाला. "न बोलता कधी सौदा होतो? दाखव करून, तोवर तुझे सगळे उंट जप्त!"

कुंबाने मिठाची लादी त्याच्यापुढे ठेवली, ढोल वाजवला आणि ती बाहेर गेली.

दियाबे गोंधळला. त्याने हाका मारल्या, पण उत्तर नाही. सगळा दरबार बघत होता, म्हणून त्याने बोटातली सोन्याची अंगठी काढून लादीजवळ ठेवली. कुंबा आली, तिने अंगठीकडे पाहिलं आणि हातही न लावता परत गेली.

माझी अंगठी हिला कमी वाटली? दियाबेने तावातावाने दंडातलं सोन्याचं कडं काढून अंगठीशेजारी आपटलं. कुंबा आली, तिने दोन्ही उचलली आणि ढोल वाजवला.

"चोर! चोर!" दियाबे ओरडला.

"चोर असते तर अंगठी मघाशीच उचलली असती, सरकार," कुंबा म्हणाली. "भाव तुम्हीच वाढवलात. मी तोंड तरी उघडलं का?"

दियाबेने दरबाराकडे पाहिलं, मिठाच्या लादीकडे पाहिलं आणि उंट सोडायचा हुकूम नुसत्या हाताच्या खुणेनेच दिला.